अण्णा, खुर्चीतून उठा

ब्रॅम्प्टन, कॅनडा
नोव्हेंबर

ती. आई आणि अण्णांना साष्टांग नमस्कार,

फोनवर रोज बोलणं होतं पण सगळं अर्धवटच राहतं, मागून कुकरच्या शिट्ट्या, सोन्याची शाळेची घाई, आणि अण्णा "बरंय बरंय" म्हणत फोन आईकडे देऊन टाकतात. म्हणून आज लिहायलाच बसले. चिऊ झोपलीय, ती उठायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहिते.

आई, आधी तुझा प्रश्न. चिऊ अकरा महिन्यांची झाली तरी चालत का नाही, शेजारच्या काकूंची नात तर दहाव्या महिन्यातच चालली. अगं, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासकट पाच देशांतली मुलं बघून २००६ साली तक्ते काढलेत, त्यात धडधाकट मुलांचा आधाराशिवाय चालायला लागायचा काळ साधारण आठ महिने ते साडेसतरा महिने एवढा मोठा आहे. नऊ-दहा महिन्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. शंभरातली चार मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, बुडावर सरकतात नाहीतर थेट उभी राहतात. दीड वर्ष होऊनही पाऊल टाकलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, त्याआधी जीव टांगणीला लावायचा नाही.

आणि ती काय काय करते ते तुला फोनवर दिसतच नाही गं. काल खाली तू दिलेली चादर अंथरली होती, आपली सोलापुरी, मोरांची. तिच्या कडेला एक दोरा सुटलाय, लाल, बोटभर. चिऊ बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत राहिली, मग अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं, निसटला, परत आणलं, परत निसटला, ओठ आवळून पाचव्या-सहाव्या वेळी तिनं तो बरोब्बर चिमटीत धरला. तीन महिन्यांपूर्वी सगळा पंजा मारून चादर ओढायची. मला एकदम अण्णाच आठवले, मागावर तार तुटली की नुसत्या चिमटीनं गाठ मारून मोकळे, मान वर न करता. ती चिमूट अशीच कधीतरी आली असेल ना अण्णा, आज्जीच्या कुठल्यातरी सतरंजीवर. आणि आज्जीची स्वतःची बोटं, विडी वळताना पान, तंबाखू, दोरा, नुसतं बघत बसावं. हे सगळं एकाच चिमटीतून पुढे गेलेलं.

तुला आठवतं, ती आठ दिवसांची असताना तिला काखेत धरून पलंगावर टेकवलं तर पावलं टाकायला लागली, तू म्हणालीस बघ चालायला निघाली, आणि दोन महिन्यांनी ते बंद झालं तर तू घाबरलीस. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण ते सगळ्याच बाळांचं होतं. आधी लोकांना वाटायचं मेंदूच ते विसरतो. अमेरिकेत एस्थर थेलन नावाच्या संशोधक बाई होत्या, त्यांनी १९८४ साली दाखवलं की पहिल्या महिन्यांत पायावर चरबी भराभर चढते, पाय जड होतात आणि ताकद तेवढी आलेली नसते. त्यांनी बाळांना कोमट पाण्यात छातीपर्यंत धरलं, पाण्यात पाय हलके झाले आणि पावलं परत सुरू. पाऊल कुठे गेलेलंच नव्हतं, फक्त वजन पेलत नव्हतं. हे वाचलं त्या दिवसापासून मला अण्णांचे पाय डोळ्यापुढे येतात.

अण्णा, आता तुमच्याशी बोलते, फोन आईकडे देऊ नका.

गणपतीच्या आधी तुम्ही न्हाणीत पडलात, फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं, मुका मारच होता. आणि त्यानंतर मीच इथून आईला सांगितलं की अण्णांना उठू देऊ नको, सगळं हातात दे. दादानं खुर्ची आणली, पाणी खुर्चीत, जेवण खुर्चीत, पेपर खुर्चीत, पाटावर बसणं बंद, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंतचा फेरा बंद. हे मी चुकीचं सांगितलं. इथे म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात मी फिजिओथेरपीच्या कामात मदतनीस आहे, रोज लोकांना उठवते, आणि स्वतःच्या वडिलांना मात्र बसवून ठेवलं. हे मला आत कुठेतरी लागून राहिलंय.

चिऊपेक्षा थोड्या मोठ्या, बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांवर न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये छापून आला. चालायला लागलेली ही मुलं खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. एका तासात १७! आणि आपण काय करतो, टाळ्या वाजवतो, उठ उठ म्हणतो. तुम्ही एकदा पडलात तर आपण सगळ्यांनी मिळून तुम्हाला बांधून टाकलं. तुमचं हाड चिऊसारखं नाही, पडण्याची उंची तिच्यापेक्षा जास्त, ते मला कळतं, म्हणून पडू द्या असं मी म्हणत नाही. पण बसून राहण्यानं पडणं टळत नाही, उलट जवळ येतं. २००७ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या १२ धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं तर पायातलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत. तुम्हाला खुर्चीत बसून अडीच महिने झाले. आई म्हणते वयामुळे पाय बारीक झाले, थोडं वयामुळे असेलही, तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतातच, पण सणावाराच्या आधी मंडईतून दोन पिशव्या आणणारा माणूस दिवाळीत दार उघडायला उठत नाही, हे वयाचं काम नाही अण्णा, खुर्चीचं आहे.

आणि गेलेलं परत येतं. बोस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या अशक्त माणसांना आठ आठवडे वजनं लावून पायाचा व्यायाम करायला लावला होता, १९९० साली ते प्रसिद्ध झालं, ज्या नऊ जणांनी पूर्ण केला त्यांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मी हे नुसतं वाचलेलं नाही. आमच्याकडे ८८ वर्षांच्या एक पोर्तुगीज आजी आल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पहिले चार दिवस मला बघितलं की डोळे मिटून घ्यायच्या. आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच केली आणि तिथूनच उठायला शिकवलं, मग एक उशी, मग उशीच नाही. आता वॉकर धरून जेवायच्या हॉलपर्यंत जातात, वाटेत माझा हात झटकतात. तुम्ही ७१ चे आहात.

तुमच्याकडे तर जमिनीवर बसायची सवय होती, इथे लोकांना ती नसतेच. ब्राझीलमध्ये दोन हजार माणसांची एक साधी परीक्षा घेतली होती, ५१ ते ८० वयाची, कशाचा आधार न घेता खाली बसायचं आणि उठायचं, हात गुडघा टेकला की एकेक गुण कमी. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावणारे कितीतरी जास्त निघाले. आपल्या पंगतीत बसणं-उठणं म्हणजे तीच परीक्षा, तुम्ही ती आयुष्यभर दिवसातून दोनदा पास होत होतात.

तर आता काय करायचं. आधी डॉक्टरांना एकदा विचारा, बीपीच्या गोळीनं उठल्यावर गरगरतं का तेही सांगा. मग खुर्ची भिंतीला टेकवा, दादाला समोर उभं करा, आणि उठा-बसा, पाच वेळा, लागले तर हात टेका, आठवड्यानं हात कमी करा. दुसरं, ओट्याला दोन्ही हातांनी धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. तिसरं, हॉलमधल्या शहाबादी फरशीची जी सरळ रेघ आहे ना दारापर्यंत, तिच्यावर टाचेला चवडा लावत चालायचं, भिंतीला हात ठेवून, आईनं बाजूला राहायचं. दुखलं किंवा दम लागला तर थांबायचं. न्हाणीत धरायला दांडी बसवा, खडबडीत मॅट टाका, रात्री लाइट चालू ठेवा, आणि त्या घासलेल्या स्लिपर फेकून द्या, मागे पट्टा असलेल्या घ्या. आई, त्यांना नुसती भाकरी-दूध देऊ नको, डाळ, दही, अंडं, शेंगाची चटणी सढळ हातानं घाल, या वयात वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं तरी लागतात आणि ती भाकरी-दुधानं भरत नाहीत.

सोन्याला पण ओरडू नका हं, ग्लास पाडतो, दाराला खांदा आपटतो म्हणून. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची उंची झपाट्यानं वाढते, हात-पाय आधी लांबतात, स्वतःचा हात कुठवर पोचतो हेच अंगाला नव्यानं शिकावं लागतं. क्रिकेटमधून काढू नका त्याला.

आणि आई, तो प्लास्टिकचा गोल वॉकर बॅगेत घेऊन येऊ नको, ज्यात बाळाला मध्ये बसवतात तो. इथे २००४ पासून विकायला आणि आणायला दोन्हीला बंदी आहे, मुलं त्यात एकदम वेगानं जिन्यावरून कोसळतात, आणि त्यानं चालणं लवकरही येत नाही. पोटमाळ्यावरचा माझा लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्याला उभं राहून ढकलायचं असतं, स्वतःच्या पायावर. तो काढून पुसून ठेव.

कारण आम्ही संक्रांतीला येतोय. तिकिटं काल काढली. अण्णा, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला न्यायचात, सात नंदीध्वज, त्या उंच काठ्या, येताना दिसले की म्हणायचात, काठीच्या टोकाकडे नको, पेलणाऱ्याच्या कंबरेकडे बघ. ते लोक आधी कितीतरी दिवस सराव करतात तेव्हा तो तोल येतो, हेही तुम्हीच सांगितलेलं. खांद्यावर चिऊला घ्या असं म्हणत नाही, दादा घेईल. तुम्ही फक्त आमच्याबरोबर चालत या, वाटेत दोनदा बसलात तरी चालेल.

रविवारी सकाळी फोन करते. फोन टेबलावर खुर्चीसमोर ठेवायला सांगा सोन्याला, म्हणजे तुमचे पाय दिसतील. मी इथून आकडे मोजते, चिऊ पण तेव्हा जागी असते, सोफा धरून उभी राहते.

सोन्याला आशीर्वाद, दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
ताई

ता.क. आई, चादरीचा तो लाल दोरा मी कापला नाही.