कापल्या जाणाऱ्या भागातलं अक्षर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. भाचीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल वाचून तू विचारलंस, "बदल इंट्रॉनमध्ये आहे म्हणतात. इंट्रॉन तर पेशी कापून टाकते ना? मग टाकायच्याच भागातलं एक अक्षर बदललं तर पोरीला त्रास का व्हावा?" इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं मला क्वचितच कुणी विचारला असेल. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हणून बसलोय.

जनुक म्हणजे डीएनएच्या अक्षरांत, म्हणजे त्याच्या रासायनिक घटकांत, लिहिलेला सलग मजकूर, असंच १९७७ पर्यंत सगळे धरून चालले होते. त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची प्रथिन बनवायला वापरली जाणारी प्रत, त्याच विषाणूच्या डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही धागे सलग जुळायला हवे होते. पण मधूनमधून डीएनएचे मोठाले फुगे बाहेर आलेले दिसले. त्यांच्याशी जुळणारा तुकडा आरएनएत नव्हताच. प्रत उतरल्यानंतर मधला मजकूर कुणीतरी काढला होता. हा काढला जाणारा मजकूर म्हणजेच इंट्रॉन. १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं. ते फुगे पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय वाटलं असेल, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

काढलेला मजकूर थोडाथोडका नसतो. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं आहे. त्याची एक प्रत उतरवायला पेशीला जवळपास १६ तास लागतात. शेवटी उरतात ते ७९ एक्झॉन, म्हणजे ठेवले जाणारे तुकडे, आणि ते जोडून झालेला संदेश जेमतेम १४ हजार अक्षरांचा. प्रथिन बनताना हा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. काप एका अक्षरानं चुकला तरी पुढचं सगळं वाचन बिघडतं, म्हणजे काप अगदी अचूक जागीच बसावा लागतो.

मग नेमकं कुठे कापायचं, हे पेशीला कळतं कसं? तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्या खुणा मुख्यतः इंट्रॉनमध्येच असतात. जवळपास प्रत्येक इंट्रॉनची सुरुवात आरएनएत 'जीयू' या दोन अक्षरांनी होते आणि शेवट 'एजी'नं. शेवटाच्या थोडं अलीकडे एक खास 'ए' असतो. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग आणि ते करणाऱ्या यंत्रणेला स्प्लायसोसोम म्हणतात. तिच्यातला यू१ नावाचा छोटा आरएनए इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जोडी जुळवून ती जागा ओळखतो. मग सुरुवातीचं टोक सुटतं, त्या 'ए'ला जाऊन चिकटतं, इंट्रॉनचा फास तयार होतो, आणि शेजारचे दोन एक्झॉन एकमेकांना जोडले जातात. खूण पुसली गेली की यंत्रणा तिथे थांबत नाही. कधी अख्खा एक्झॉन गाळला जातो, कधी इंट्रॉन आतच राहतो, तर कधी जवळची खऱ्यासारखी दिसणारी खोटी खूण पकडली जाते.

संदेशावर आणखी कामं होतात, ती थोडक्यात सांगतो. प्रत वीसेक अक्षरांची होते न होते तोच सुरुवातीला एक टोपी बसते. शेवटी 'ए' या अक्षराचं लांब शेपूट लागतं, माणसात साधारण दोनशे-अडीचशे अक्षरांचं. दोन्हींमुळे संदेश लवकर कुरतडला जात नाही आणि प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला तो वाचायला सोपा जातो.

आता मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण. भाचीचा आजार वेगळा आहे, हे आधीच सांगतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात एसएमएन१ हे जनुक निकामी झालेलं असतं. आपल्याकडे त्याची जवळजवळ हुबेहूब जोडी असते, एसएमएन२. तिच्यात सातव्या एक्झॉनमधलं एक अक्षर वेगळं आहे. त्यानं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, बदलत नाही, तरीही तो एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जातो आणि प्रथिन टिकत नाही. रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये एक जागा शोधली, जी एक्झॉन गाळायला मदत करत होती. ती जागा झाकणारा छोटा रेणू म्हणजे नुसिनर्सेन. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कापल्या जाणाऱ्या भागावरच औषध बसतं आणि ते मिळालेली कितीतरी बाळं बसायला शिकली. इंट्रॉनला कुणी कचरा म्हटलं की मला राग येतो, तो म्हणूनच.

अहवालात एक गोष्ट बघ. बदलाच्या नोंदीत आकड्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह असेल. अधिक एक-दोन म्हणजे इंट्रॉनची पहिली दोन अक्षरं, उणे एक-दोन म्हणजे शेवटची दोन. तिथला बदल बहुधा स्प्लायसिंग बिघडवतोच. आकडा मोठा असेल तर नुसत्या जागेवरून निर्णय देता येत नाही. ते जनुक रक्तात चालू असेल तर रक्तातला आरएनए तपासून एक्झॉन खरंच गळतोय का ते पाहता येतं. ताईला म्हणावं, पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे नक्की विचार.

अहवालाची प्रत पाठव. शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, दोघं मिळून ओळीनं वाचू.

तुझा मित्र