आजोबांचा दाखला हवा आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहतेय असं परवा सांगितलं, तर तुम्ही "राजकारण आपल्या घरात नको" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून लिहितेय.

आमच्या प्रभागातली जागा या वेळी नामाप्र, म्हणजे ओबीसी, महिलेसाठी राखीव निघाली. पॅनेलवाले यांच्याकडे आले. "वहिनींना उभं करा, बाकीचं तुम्ही बघा." मी तिथेच होते! हे म्हणाले, तिलाच विचारा. मी हो म्हटलं, पण बैठकीला मीच जाणार आणि वाचल्याशिवाय सही करणार नाही, हेही सांगून टाकलं. मंडळी जरा गप्प झाली. २०११ पासून आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी लोक नमस्कार घालतात तो सरपंचपतीलाच.

आई, "तुला काय कमी आहे?" असं तू विचारलंस. कमी काही नाही गं. मागच्या ग्रामसभेला गेले होते, तिथून हे डोक्यात बसलंय. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही आले नाहीत. सभा तहकूब झाली. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! पुढच्या वेळी दहा-बारा जण बसले, आराखडा अर्धामुर्धा वाचला, मंजूर. मग सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरलं. सासूबाईंना विचारलं, कशावर सही केलीत? म्हणाल्या, "शिपाई आला होता, केली." गावाचं वर्षभराचं काम होतं त्यात.

यात कायदा मोडला असंही धड म्हणता येत नाही. गावच आलं नाही. आणि का यावं, असंही वाटतं. विषयपत्रिका फळ्यावर लागते, तो फळा कार्यालयात, आणि सभा भर दुपारी, बायका शेतात असताना. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती आमच्याकडे नुसती कागदावर होते. निवडून आले तर पहिल्यांदा तीच भरवायची आहे, दिवेलागणीनंतर. एकट्या सदस्याच्या हातात फार काही नसतं, ठाऊक आहे मला. पण झालेला जमाखर्च सभेत मोठ्याने वाचा, असा हट्ट तर धरता येतो.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथे ग्रामसभा सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहते. २००९ मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तोही ग्रामसभेच्याच बळावर. आमच्या गावाकडून मी तेवढी आशा धरत नाही. इथे बांधावरून तीन पिढ्या बोलणं बंद असलेली घरं आहेत. पन्नास माणसं स्वतःहून सभेला आली तरी मला पुष्कळ.

बाबा, तुम्हाला नानाकाका आठवत असणार. निवडणुकीपायी दोन एकर गेली आणि वर वैर पदरात पडलं. वैराचं मी काही सांगू शकत नाही, त्याची भीती मलाही वाटते. खर्चाचं मात्र सांगते. जेवणावळी घालणार नाही, पाकिटं वाटणार नाही. हिशेबही निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर पुढे अपात्र ठरवतात. या अशा वागण्याने मी पडेनसुद्धा. यांनी तर तसं गृहीतच धरलंय, आणि तरी रोज माझ्याबरोबर मतदारयादी वाचत बसतात.

आता तुमच्याकडचं काम. घर बदललं तरी जातीचा पुरावा माहेरचाच लागतो. जात पडताळणीच्या अर्जाला तुमचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे. आजोबांचा बहुतेक लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली असेल. त्याची घडी फाटत आलीय, तेव्हा पोस्टाने नको. तुम्ही स्वतः घेऊन आलात तर बरं होईल.

तुमची,
ताई