बिडाचा म्हणून पत्र्याचा तवा पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'कास्ट आयर्न तवा' परत घेऊन पूर्ण पैसे मिळण्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात १,४५० रुपये भरून तुमच्याकडून दहा इंची कास्ट आयर्नचा तवा मागवला. खोक्यावरही तेच छापलंय. आत निघाला तो मात्र बिडाचा नाही, पत्र्याचा आहे.

हे अंदाजाने लिहीत नाही. सासूबाईंचा बिडाचा तवा आमच्या घरात चाळीस वर्षं होता. दिवाळीत ओट्यावरून फरशीवर पडला आणि सरळ दोन तुकडे झाले. तुटलेली कड करडी, रवाळ होती. फार वाईट वाटलं, म्हणूनच नवा मागवला. बीड तुटतं, पण वाकत नाही. तुमचा तवा तिसऱ्याच दिवशी मधोमध फुगला. शेगडीवर डुगडुगतो, तेल कडेला पळतं, धपाटं मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

फोनवर तुमचा माणूस म्हणाला, "ताई, चुंबक चिकटतंय ना, मग अस्सल आहे." अहो, चुंबक खिळ्यालाही चिकटतं! त्यावरून बीड कसं ओळखणार?

शेवटी तवा इथल्या एका वर्कशॉपात नेला. लेथवाल्या दादांनी कडेला ड्रिल लावलं. बिडाची काळसर भुकटी पडते, बोटं काळी होतात, कारण त्यातला बराच कार्बन ग्राफाइट होऊन आत पसरलेला असतो. तुमच्या तव्यातून निघाला चकचकीत, लांबच लांब वेटोळ्यांचा कीस. तो कागदात बांधून ठेवलाय, फोटो सोबत जोडला आहे. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, साध्या पत्र्यात पाव टक्क्याच्याही आत. एक साच्यात ओततात, दुसरा लाटून, दाबून आकाराला आणतात. सासूबाईंच्या तव्याचे कान तव्यासोबतच ओतलेले होते. तुमच्या तव्याला वेल्डिंगने चिकटवलेत.

पत्र्याचा तवा वाईट, असं माझं म्हणणं नाही. ज्वारीची भाकरी मी रोज त्याच्यावरच करते, लवकर तापतो. पण तो बाजारात तीनशेला मिळतो. धपाट्याला, धिरड्याला धग धरून ठेवणारा जाड बिडाचाच तवा लागतो, आणि तुम्ही पैसे बिडाचे घेतलेत.

पूर्ण रक्कम परत करा, तवा तुमच्या खर्चाने न्या आणि जाहिरातीतून 'कास्ट आयर्न' हा शब्द काढा. आणखी किती जणींनी विश्वासाने तो घेतला असेल! पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

तवा धुऊन, पुसून खोक्यात ठेवला आहे. भोक पाडलं म्हणून परत घेणार नाही, असं कृपया सांगू नका. ते भोक हाच माझा पुरावा आहे.

आपली ग्राहक,
परभणी

सोबत: बिलाची प्रत, तव्याचे व किसाचे फोटो