नव्या ट्रकच्या तक्रारी जॉब कार्डवर लिहून घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सध्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात नवे टिपर (हौदा उचलून माल ओतणारे ट्रक) घेतलेल्या मालकांबद्दल एक बोलणे सर्रास ऐकू येते. नवी कोरी गाडी दारात आली, लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या, तरी यांची कुरकुर संपत नाही. दाराचे रबर, फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) फट, डॅशबोर्डवरचा दिवा, असल्या गोष्टींवरून कोणी भांडते का? शोरूममध्ये हेच जरा गोड शब्दांत सांगतात. आमच्या धंद्यातले जुने लोकही मान डोलावतात, कारण त्यांच्या काळात गाडी घेतल्यावर अर्धी कामे आपल्याच पैशाने गॅरेजमध्ये करून घ्यायची पद्धत होती. मला या बोलण्याला उत्तर द्यायचे आहे. आमच्या घरी गाडी यजमान चालवतात आणि तिचा हिशेब मी ठेवते. डिझेल, युरिया, टायर, विमा, बँकेचा हप्ता, सगळे माझ्या वहीत येते. छोट्या दोषाला मोठा खर्च कुठे चिकटतो हे त्या वहीत मला दिसते.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ चालल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प झाले. आमचा जुना ट्रक चिरे-खडीच्या भाड्यांवर जेमतेम तगला आणि शेवटी भंगारात गेला. पुढे लिलाव झाले, डिचोलीत खनिज हलू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू ट्रकांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा आमचा हिशेब बसला आणि दसऱ्याला गाडी घरी आली.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये गाड्यांची रांग लागलेली असते. हार, नारळ, लिंबू, किल्ली हातात घेऊन फोटो, की लगेच पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर. गाडी देण्यापूर्वी तिची तपासणी करायची असते, तिला पीडीआय म्हणतात. त्या तपासणीचा कागद आमच्या फाइलमध्ये आहे. दारे, वायपर, हौदा, फाळका, वायरिंग अशा सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एका दमात मारल्यासारख्या बरोबरच्या खुणा आहेत. शेरा लिहायच्या जागेत एक अक्षर नाही. मालकाच्या सहीसाठी ओळ आहे, तिथे यजमानांची सही घेतली, पण त्यांच्यासमोर एकही दार उघडून दाखवले नाही. गिऱ्हाइकाला सोबत घेऊन गाडीभोवती फिरणे आणि मग सही घेणे हे शोरूमचे काम आहे. सणाची गर्दी होती म्हणून ते काम टळत नाही.

पहिला दोष फाळक्याचा निघाला. मागचा फाळका बंद केला की उजव्या बाजूचे कुलूप पुरते बसत नाही, करंगळी जाईल एवढी फट राहते. खनिजाचा मोठा तुकडा तिथून पडणार नाही, पण भुकटी पडते. शोरूमचे म्हणणे असे की हौदा बनवणारा वेगळा, त्याच्याकडे जा. हौदावाला म्हणाला, चेसिसच तिरकी बसली आहे, शोरूमला विचारा. टायर आणि बॅटरीची हमी तर त्या-त्या कंपनीचीच असते, तिथे आणखी दोन दारे. एका गाडीचे पैसे आम्ही एका ठिकाणी भरले आणि तक्रार घेऊन मात्र चार ठिकाणी फिरतो. ही फट फक्त आमच्या गैरसोयीची नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर सांडलेल्या भुकटीवरून दुचाकी घसरतात. गावकरी ट्रक अडवतात ते उगाच नव्हे, त्यांच्या मुलांना त्याच रस्त्याने शाळेत जायचे असते. ताडपत्री नीट बांधून, वजन मर्यादेत ठेवूनसुद्धा आमच्या गाडीमागे लाल रेघ उमटत असेल तर शिव्या यजमानांना बसतात आणि चलनही त्यांच्याच नावावर फाटते. शेवटी त्यांनी पदरचे पैसे देऊन फटीवर लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली. नंतर शोरूमने ऐकवले की हौद्याला बाहेर वेल्डिंग केलेत, आता त्याची हमी गेली.

दुसरा दोष डॅशबोर्डवरच्या दिव्याचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या गाड्या आल्या. धूर कमी घातक व्हावा म्हणून त्यावर युरियाचे पाणी फवारले जाते आणि त्या यंत्रणेवर सेन्सर बसवलेले असतात. युरिया संपला किंवा सेन्सरला काही बिघाड जाणवला तर आधी दिवा लागतो आणि दुर्लक्ष केले तर इंजिन आपोआप ताकद कमी करते. कायद्यासाठी तशी रचनाच केलेली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गाडीत टाकी भरलेली असताना दिवा लागायचा. ‘चालवा, आपोआप जाईल’ असे फोनवर सांगितले. भरलेली गाडी चढावर असताना पिकअप सुटला आणि मागे वाहनांची रांग लागली, तेव्हा तो दिवा कोणाला किरकोळ वाटला नसता. कारण निघाले ते एका वायरची क्लिप सैल असल्याचे. एका हुशार पोराने हात घालून ती दाबली आणि काम झाले. मेकॅनिक मुलांबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. ती तळपत्या उन्हात गाडीखाली झोपून काम करतात. पण तो मुलगा आमच्यापर्यंत पोचायच्या आधी किती फेऱ्या बुडाल्या, ते शोरूमच्या हिशेबात कुठेच येत नाही. खनिजाच्या फेऱ्यांना पाळीचा नंबर असतो. गाडी वर्कशॉपला गेली की नंबर जातो, हप्ता मात्र त्याच तारखेला कापला जातो.

तिसरा दोष या जूनमध्ये कळला. पहिला जोराचा पाऊस झाला आणि क्लीनरच्या बाजूची मॅट भिजलेली दिसली. शोरूमने सांगितले, काच उघडी राहिली असेल. काच बंद होती. मग यजमानांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या. दाराच्या चौकटीवर एक पट्टी ठेवायची, दार लावायचे आणि पट्टी ओढायची. कुलपाजवळ पट्टी घट्ट धरली गेली, ओढताना फाटली. खालच्या कडेलाही तसेच. पण वरच्या पुढच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या वर, ती अलगद निसटून हातात आली. तिथे रबर पत्र्याला टेकतच नाही. मी बाहेरून त्या कोपऱ्यावर तांब्याने पाणी सोडले आणि ते आत टॉर्च धरून बसले. पाणी चौकटीच्या आतून खांबावरून उतरून डॅशबोर्डखाली गेले, आणि आमच्या गाडीत तिथेच फ्यूज बॉक्स आहे. आदल्या आठवड्यात भर पावसात वायपर बंद का पडला होता, याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त. इथे विकायच्या गाडीचे दार पाणी घालून तपासलेले नसेल तर ती तपासणी कसली? गावातल्या आणखी एका मालकाने त्याच मॉडेलच्या गाडीत पट्टी घालून पाहिली. त्याच कोपऱ्यातून तीही निसटली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते. या तिन्ही तक्रारी घेऊन यजमान वेळोवेळी वर्कशॉपमध्ये गेले, सविस्तर बोलले. गाडी कामाला घेताना वर्कशॉप तक्रार आणि कामे ज्या कागदावर नोंदवते ते जॉब कार्ड; त्याच्या प्रती मी नंतर एकत्र लावून पाहिल्या. त्यांवर तक्रारीच्या रकान्यात छापून आले आहे ‘जनरल चेकअप’. फाळका नाही, दिवा नाही, पाणी नाही. मी स्वतः जाऊन विचारले तेव्हा उत्तर मिळाले की सिस्टममध्ये असल्या तक्रारीचा कोड नाही. उद्या हमीची मुदत संपल्यावर फ्यूज बॉक्स जळाला तर कंपनी तिच्या नोंदी उघडून पाहील आणि म्हणेल की या गाडीत पाणी शिरत असल्याची तक्रार कधी आलीच नव्हती. कागदावर ते खरेच ठरेल. तोंडी सांगितलेली तक्रार म्हणजे पाण्यावर मारलेली रेघ. म्हणून प्रत्येक ट्रकमालकाला माझी कळकळीची विनंती आहे: जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली जाईपर्यंत किल्ली देऊ नका. कोड नसेल तर पेनाने लिहायला लावा, खाली तारीख आणि किलोमीटर घाला, मोबाइलवर फोटो काढा. लिहायला नकार दिला तर त्याच संध्याकाळी ईमेलने तीच तक्रार शोरूमला आणि कंपनीला पाठवा. ज्यांना ईमेल जमत नाही त्यांनी घरातल्या मुलांना सांगावे.

ज्या गोष्टींनी गाडी थांबत नाही आणि कोणाला इजा होत नाही, त्यांच्यासाठी मी कोणाचा वेळ घेणार नाही. आमच्या गाडीच्या बंपरवरचा स्टिकर सुटला आहे आणि सीटचा रंग कागदावर लिहिलेल्यापेक्षा वेगळा आहे. ते राहू दे. पाणी, ब्रेक, दिवे, वायरिंग, फाळका या गोष्टी त्या यादीत बसत नाहीत.

अनेक ट्रकवाल्यांचा समज असा की गाडी धंद्याची, म्हणून आपण ग्राहक नाही आणि ग्राहक आयोगात आपल्याला दार नाही. हा समज पुसला पाहिजे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे हे खरे, पण २० जुलै २०२० पासून लागू असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण दिलेले आहे: स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या अर्थाने धंद्याची धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच जुन्या कायद्यातल्या अशाच स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना ट्रकचे उदाहरण घेतले होते. जो ट्रक घेऊन स्वतः चालवतो तो ग्राहक, हाताखाली एखाददुसरा मदतनीस असला तरीही. केवळ दुसऱ्याकडून चालवून घेण्यासाठी गाडी घेणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. आमच्या भागातले कितीतरी एकट्या गाडीचे मालक आपलीच गाडी चालवतात, ते सगळे यात येतात. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद घालता येते. या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच येतो: लेखी काय आहे?

एकेकट्याने भांडण्यापेक्षा एकत्र नोंदी ठेवण्याला जास्त वजन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आले. एखाद्या प्रकारच्या वाहनातल्या दोषामुळे चालकाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय होण्याचा संभव असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तो कळवला असेल, तर ती वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. आमच्या दाराच्या कोपऱ्याने ती पायरी गाठली जाईल असे मी म्हणत नाही. पण दोन गाड्यांत एकाच जागी पाणी येते हे आम्हाला कळले ते दोन घरे शेजारी म्हणून. केपे-सांगे भागात तेच मॉडेल असेल तर तिथल्या मालकाला शोरूम अजून सांगत असेल की काच उघडी राहिली असेल.

म्हणून ट्रकमालकांच्या तालुका संघटनांनी एक वही घालावी असे मी सुचवते. दराच्या प्रश्नावर संघटना रस्त्यावर उतरतात, ते योग्यच आहे; त्यातले थोडे बळ इकडेही वळवावे. वहीत गाडीचे मॉडेल, उत्पादनाचा महिना, दोष नेमका कुठे, किती किलोमीटरवर दिसला आणि जॉब कार्डचा नंबर एवढे लिहिले तरी पुरे. उत्पादनाचा महिना जरूर लिहावा, कारण सणाच्या गर्दीत मिळालेली गाडी त्याआधी यार्डात ऊन-पावसात किती काळ उभी होती ते त्यावरून कळते. एकाच महिन्याच्या गाड्यांत एकच दोष दिसला की पत्र थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयाला जावे, प्रत वाहतूक खात्याला.

कंपन्यांकडेही एक मागणी आहे. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक जवळपास थांबते, गाड्या घरासमोर उभ्या असतात. त्या महिन्यांत मेकॅनिक आणि सुटे भाग घेऊन डिचोली, उसगाव, सावर्डे या भागांत शिबिरे लावा. हमीची मुदत या बंद महिन्यांतही चालूच असते, आणि नेमक्या याच महिन्यांत पाणी कुठून गळते ते दिसते. ऑक्टोबरनंतर आम्हाला वर्कशॉपला बोलावणे म्हणजे कमाईच्या दिवसांत गाडी उभी करायला लावणे आहे.

आमच्या गाडीच्या तिन्ही दोषांची लेखी तक्रार मी गेल्या आठवड्यात शोरूमला दिली, पोचपावती घेतली आणि एक प्रत गावातल्या ट्रकमालकांकडे ठेवली आहे. दाराचे रबर आणि चौकट हंगाम सुरू होण्यापूर्वी दुरुस्त करून मिळणार की नाही, याचे लेखी उत्तर मी मागितले आहे. अजून आलेले नाही.

आपली,
एक वाचक, डिचोली तालुका
(नाव व पत्ता संपादकांकडे)