एचआयव्हीचा धसका आणि काविळीची माळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एमबीबीएसच्या प्रवेशाच्या बातम्या वाचल्या की माझा हात नकळत डाव्या हाताच्या तर्जनीकडे जातो. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, आता धुळ्यात देवपूरला घरी असते. या बोटाची गोष्ट नव्या मुलामुलींच्या कानावर जावी म्हणून हे पत्र.

1996 चा पावसाळा. कॅज्युअल्टीत रात्रपाळी. आग्रा रोडवर ट्रक उलटला होता, ड्रायव्हर रक्तबंबाळ. इंटर्न मुलानं रक्त घेतलं, सुईला टोपण लावलं आणि सिरिंज माझ्या हाती दिली. सुई टोपणाच्या बगलेतून बाहेर आली होती, ती बोटात गेली. मी घाबरून बोट पिळपिळ पिळलं आणि स्पिरिटमध्ये बुडवलं. दोन्ही चूक. साबण आणि वाहतं पाणी, बस. बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही.

पेशंट ट्रक ड्रायव्हर, म्हणजे एचआयव्ही असणारच, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. दोन दिवस माझ्या घशाखाली भाकर उतरली नाही. त्याची एलायझा, म्हणजे एचआयव्हीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आली तेव्हा इन्चार्ज सिस्टरनी अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला. चहा पिणाऱ्यांत तीन डॉक्टर होते. त्याचं एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या काविळीची रक्ततपासणी) केलं का, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

तीन महिन्यांनी लघवी गडद व्हायला लागली. भरताच्या वासानंसुद्धा मळमळायचं, आणि खान्देशी बाईला भरताचा वास नकोसा झाला म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे घरच्यांनीही ओळखलं. हिपॅटायटिस बी निघाला. तो त्या ड्रायव्हरकडूनच आला की कुठून, हे आता कधीच कळणार नाही, कारण केसपेपरवर ती तपासणीच नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "कावीयले डॉक्टर काय करी?" आणि साक्री रस्त्यावरच्या एका बाबाकडून माळ घेऊन आल्या. माळ डोक्यावरून गळ्यात उतरली, सहा महिन्यांत माझं रक्तही स्वच्छ झालं, बाबाचं नाव झालं. आता खरं सांगते. धडधाकट मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातले पंचाण्णव आपोआप बरे होतात. माळवाल्याचा धंदा त्या पंचाण्णवांवर चालतो. उरलेल्या पाचांचं यकृत वीस-तीस वर्षांनी बोलतं, तेव्हा माळवाल्याकडे कोण जातं? आणि जन्मतानाच आईकडून लागण झालेल्या बाळांत हाच हिशेब उलटा, शंभरातल्या नव्वदांना तो कायमचा चिकटतो.

तर मुद्दा. विद्यार्थी तिनाचा पाढा परीक्षेसाठी घोकतात. बाधित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तीन, हिपॅटायटिस सीचा शंभरात तीनच्या आत, आणि लस न घेतलेल्याला बीचा शंभरात तीसपर्यंत. उत्तरपत्रिकेत बरोबर लिहितात आणि वॉर्डात उलट वागतात. निवृत्तीच्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिलं. एचआयव्हीवर नियमित गोळ्या घेणारा माणूस, त्याचं रक्त घ्यायला दुहेरी ग्लोव्हज, वर मास्क, पलंगावर मोठी लाल खूण. (अशी खूण करून माणूस वेगळा काढायला 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं बंदी आहे, पण ते राहू द्या.) शेजारच्या खाटेवर पिवळेजर्द डोळे असलेला यावलचा शेतकरी. त्याचं रक्त त्याच मुलानं उघड्या हातानं घेतलं. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, हे त्या मुलाला मी नाही शिकवायचं, त्यानंच मला शिकवायचं!

एचआयव्हीला घाबरू नका असं म्हणत नाही. टोचलं तर दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या आणि 28 दिवस पुऱ्या करायच्या. पण बीला अडवणारी लस आहे, एचआयव्हीला अजून नाही. आमच्या वेळी परदेशी लस परवडायची नाही. हैदराबादची देशी लस 1997 मध्ये आली, माझ्यासाठी एका वर्षानं उशिरा. आता 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीचीही सोय आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भाड्यानं राहते, शहाद्याकडची. विंडो पिरियड, ई अँटिजेन, डेल्टा विषाणू बीशिवाय जगत नाही, सगळं धडाधड सांगते. मी विचारलं, "बाई, तुझे तीन डोस झाले?" म्हणाली, "काकू, लहानपणी झाले असतील." ही लस सरकारी वेळापत्रकातून देशभर पोचायला 2011 उजाडलं, आणि ही पोरगी त्याच्या कितीतरी आधी जन्मली. "आणि टायटर?" म्हणजे लसीनं रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याचं माप. त्यावर ती हसली.

कॉलेजांनी पहिल्या दिवशी अॅप्रनचं माप घेतात तसं लसीचं कार्डही बघावं. कार्ड नसेल तर शून्य, एक, सहा महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडी दहाच्या वर आहेत का ते तपासावं. तोवर सुईला हात नको. सुई तोडायचं मशीन आणि पंक्चर न होणारा डबा खाटेजवळ असावा, स्टोअरच्या कुलपात नव्हे.

त्या मुलीला मी हाताला धरून लॅबमध्ये नेलं. टायटर आला चार. सोमवारी एक डोस घेतला, महिन्यानं पुन्हा रक्त द्यायचंय. तारीख मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, तिच्या नाही.

– एक निवृत्त परिचारिका, देवपूर, धुळे