स्पीकरांच्या निवडीत मदत करणाऱ्या काकूंस आभारपत्र

ती. काकूंस,
सादर नमस्कार.

हे पत्र खाली येऊन तुमच्या हाती दिले असते तरी चालले असते. पण तुम्ही आमच्या घरी बसून जे समजावून दिलेत ते मुंबईतल्या लहान घरांत राहून मनापासून गाणे ऐकणाऱ्या अनेकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे. तुमचे नाव कुठे येऊ नये ही तुमची अट मात्र पाळली आहे.

बाबांना निवृत्तीनंतर निवांतपणे ख्याल ऐकता यावा यासाठी स्पीकरांची एक चांगली जोडी घ्यायची, एवढेच आमचे ठरले होते. लॅमिंग्टन रोडवर चौकशी करून आल्यावर घरात माहितीपत्रके जमली आणि प्रत्येकात वॉटचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते. तुम्ही ती पत्रके बाजूला सारून आधी टेप मागितलीत आणि आमच्या मुलुंडच्या घराचा हॉल मोजलात: लांबी 16 फूट, रुंदी 10 फूट, उंची साडेनऊ फूट. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये कोणता खालचा स्वर अडकून घुमेल हे खोलीच्या मापावरूनच काढता येते, हे तुम्ही कागदावर करून दाखवलेत. आमच्या रुंदीसाठी तो आकडा 56 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 56 कंपनांच्या) आसपास आला आणि उंचीसाठी 59 च्या. दोन्ही इतके जवळ असल्यामुळे नेमक्या त्याच पट्ट्यात या खोलीत घुमारा वाढणार, आणि ज्या मोठ्या स्पीकरची शिफारस आम्हाला होत होती तो त्याच पट्ट्यात जोर लावणारा होता. त्याची किंमत परवडली असती तरी आमच्या खोलीत त्याचा डग्गा फुगूनच ऐकू आला असता. लहान स्पीकर ही जागेअभावी करावी लागणारी तडजोड नसून या खोलीपुरती तीच योग्य निवड आहे, ही गोष्ट मला त्या कागदावरच्या आकडेमोडीमुळे पटली.

तरीही बाबांची एक रास्त शंका होती, की इतक्या लहान पेटीतून तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, येईल का. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा साधारण 139 हर्ट्झवर बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. लहान स्पीकरचा आवाज साधारण तिथूनच उतरू लागतो. तुम्ही बाबांना सांगितलेत की तारेतून एकटा मूळ स्वर कधीच येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही त्याच्याबरोबर येतात, जवारी लावलेल्या (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून झंकार साधलेल्या) तंबोऱ्यात तर ते विशेष ठसठशीत असतात, आणि ते स्वच्छ पोहोचले तर मूळ स्वर क्षीण असला तरी आपला मेंदू तो खर्ज ओळखतो. म्हणून खर्जासाठी मोठा वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) शोधत बसण्यापेक्षा मधल्या पट्ट्यात प्रामाणिक असलेला स्पीकर शोधा, असा तुमचा निर्णय होता. ध्वनिमुद्रणाच्या नोकरीत उभे आयुष्य गेलेल्या माणसाकडून हे ऐकणे आणि माहितीपत्रकात वाचणे यांत फार अंतर आहे.

त्याच ओघात तुम्ही बीबीसीच्या एलएस 3/5ए या स्पीकरची हकिगत सांगितलीत. बाहेरच्या कार्यक्रमांचे प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात हा छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासण्याचा स्पीकर, तयार केला. जेमतेम 30 सेंटिमीटर उंचीची बंद पेटी, तिच्यात केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे), आणि सर्वांत जास्त लक्ष कशावर, तर माणसाचा बोलण्याचा आवाज खरा वाटतो की नाही यावर. पुढे अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला आणि आजही लहान स्पीकरची गोष्ट निघाली की जाणकार त्याचे नाव घेतात. गाणे मुद्रित होताना त्यावर अनेक संस्कार झालेले असतात, त्यामुळे मूळ आवाज कसा होता हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. घरच्या माणसाचा बोलण्याचा आवाज मात्र आपण रोज ऐकतो आणि तिथे कान फसत नाही, हे तुमचे म्हणणे होते.

आणि ते तुम्ही नुसते सांगून थांबला नाहीत. एका दुकानदाराने अनामत घेऊन तीन जोड्या शनिवार-रविवारसाठी घरी न्यायला दिल्या (तशी विनंती करता येते हेही तुमच्याकडूनच कळले), तेव्हा तुम्ही तुमचा रेकॉर्डर घेऊन वर आलात. आतल्या खोलीतले कपड्यांचे कपाट सताड उघडून त्याच्या समोर बाबांना खुर्चीवर बसवलेत, कारण टांगलेल्या साड्या आणि शर्ट आवाज शोषून घेतात आणि खोलीचा प्रतिध्वनी मुद्रणात उतरत नाही. बाबांनी वर्तमानपत्रातली पाणीकपातीची बातमी वाचली. मग हॉलमध्ये बाबांना दोन स्पीकरांच्या मध्ये बसवून तुम्ही कधी त्यांना तीच बातमी वाचायला लावत होतात, कधी मुद्रण एकाच स्पीकरवर लावत होतात, आणि आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कोण बोलते आहे ते सांगत होती. पहिल्या जोडीवर तिने लगेच ओळखले. स, श आणि च हे उच्चार त्या जोडीवर टोचत होते. दुसऱ्या जोडीवर बाबांना सर्दी झाल्यासारखे वाटते, असे ती म्हणाली आणि तुम्ही वहीत लिहिलेत की पेटीच्या भिंती बोलत आहेत, म्हणजे पेटीच थरथरून आवाजात स्वतःची भर घालते आहे. तिसऱ्या जोडीवर ती थोडी थांबली आणि चुकली. या तिन्हींत सर्वांत स्वस्त जोडी कोणती हे तुम्ही त्यानंतरच विचारलेत, आणि ती तिसरीच निघाली.

या परीक्षेआधी तुम्ही जी एक काळजी घेतलीत तिचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण स्पीकर घेणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असे मला वाटते. तिन्ही जोड्या एकाच पातळीवर वाजतील असे तुम्ही मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने बघून घेतलेत. दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला अधिक चांगला, अधिक मोकळा वाटतो आणि हा फरक फक्त मोठेपणाचा आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर एक स्पीकर 84 डेसिबल आणि दुसरा 87 डेसिबल देत असेल, तर पहिल्याला तेवढ्याच मोठ्याने वाजण्यासाठी दुप्पट वीज लागते. पण म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. दुकानात एकाच नॉबवर जोड्या बदलून ऐकवतात तेव्हा हा हिशेब कोणी सांगत नाही. आम्ही ऐकतो तितक्या अंतरावरून रात्रीच्या वेळी एक वॉटसुद्धा पुष्कळ होतो, हे कळल्यावर मोठ्या ॲम्प्लिफायरचा खर्चही आपोआप टळला.

जोडी ठरल्यानंतर ती कुठे ठेवायची यावर तुम्ही निवडीइतकाच वेळ दिलात. टीव्हीच्या युनिटवर, भिंतीला टेकवून स्पीकर ठेवायचे नाहीत, कारण मागची भिंत खालचे स्वर फुगवते आणि युनिटचे फळकूट स्वतः वाजू लागते. तुम्ही ते लांब भिंतीसमोर, पुढचा चेहरा भिंतीपासून दोन फूट येईल असे, एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवलेत आणि बाबांची गादी समोर साडेसहा फुटांवर घेतलीत, म्हणजे डोक्यामागे दीड फूट मोकळे राहिले. अगदी भिंतीला टेकून बसले की तो 56 हर्ट्झचा घुमारा सर्वांत जास्त जाणवतो, हेही तुम्ही बाबांना पाठ टेकवायला आणि पुढे सरकायला लावून दाखवलेत. आमच्याकडे गादी-लोडाची बैठक असल्याने कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतात; बाजारातले 24 इंची स्टँड आम्हाला उंच पडले असते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपाचे 20 इंची स्टँड करून घेतले आणि त्यांत वाळू भरली. खालच्या मजल्यावर तुम्हीच राहता, त्यामुळे स्लॅबमधून धमक उतरते की नाही याची खात्री तुमच्याइतकी दुसरे कोणी देऊ शकले नसते.

समोरच्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी घालताच झपतालातली किनार (तबल्याच्या काठावरचा बोल) जितकी स्पष्ट झाली तितकी कोणत्याही महागड्या वायरीने झाली नसती, असे मी अनुभवाने म्हणतो. वायरीचा प्रश्न तुम्ही दोन वाक्यांत मिटवलात: अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, पाच मीटर जाऊन परत यायला जेमतेम 0.07 ओहम, आणि तिच्यावर आणखी पैसे घालायचे नाहीत. जोडणी झाल्यावर बाबांचे तेच मुद्रण दोन्ही स्पीकरांवर लावून, एका बाजूची वायर उलटी केली की आवाज मधून नाहीसा होऊन खोलीभर विखुरतो आणि त्यातला जडपणा जातो, हे तुम्ही ऐकवलेत. आता कोणाच्याही घरी गाणे पोकळ वाटले तर मी आधी स्पीकरच्या मागचे लाल आणि काळे टर्मिनल बघतो.

मुंबईच्या हवेची तुम्ही जी सूचना दिलीत तीही इतरांसाठी लिहून ठेवतो. वूफरच्या कोनाभोवतीची कड फोमची असेल तर दमट हवेत ती कालांतराने चिकट होऊन चुरा होते, म्हणून जुनी जोडी घेताना ती कड बोटाने हलकेच दाबून बघावी आणि नवी घेताना रबराची कड असलेलीच घ्यावी. पेटी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असेल तर पावसाळ्यात ती खिडकीखाली ठेवू नये, कारण पाणी शिरलेली कडा फुगते आणि पुन्हा बसत नाही. आम्ही घेतलेल्या जोडीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ती आमच्या खोलीसाठी, बाबांच्या कानांसाठी आणि ख्यालासाठी निवडलेली आहे. ज्यांच्या हॉलची मापे वेगळी आहेत किंवा जे प्रामुख्याने ढोल-ताशा ऐकतात, त्यांना ती कदाचित योग्य ठरणार नाही.

काकू, तुम्ही या सगळ्याचे काहीच घेतले नाहीत, उलट येताना डिंकाचे लाडू घेऊन आलात. बाबा आता संध्याकाळी पंखा एकवर ठेवून ऐकायला बसतात, कारण पंख्याच्या घरघरीत बारीक मुरक्या बुडतात हे तुमच्या बोलण्यातून त्यांनी नेमके टिपले आहे. विलंबित ख्यालात गायक श्वास कुठे घेतो हे त्यांना आता ऐकू येते, आणि त्यावर ते आईशी बराच वेळ बोलतात. या आनंदाबद्दल आम्हा तिघांचे तुम्हाला मनःपूर्वक धन्यवाद.

तुमचा रेकॉर्डर सेलसकट परत पाठवतो आहे. बाबांचे बातमीचे मुद्रण त्यातच राहू दिले आहे, कारण चौथ्या मजल्यावरच्या जोशीबुवांनाही लहान स्पीकर घ्यायचे आहेत आणि बाबांचा आवाज त्यांच्याही ओळखीचा आहे. त्यांच्या हॉलची मापे सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहेत. तुम्हाला सवड असेल त्या रविवारी मी त्यांना घेऊन येतो.

तुमचा नम्र,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी