मृत्युपत्रात एक रकाना कमी आहे: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. आजोबांनी सुरू केली, वडिलांनी वाढवली, मी सांभाळली. घर, दोन गोदामं, शेअर, थोडी जमीन असं सगळं मिळून बरंच आहे. आकडा इथे लिहीत नाही, भाऊबंद वाचतील. विनंती एवढीच की माझ्यासारख्यांवरचा कर वाढवा.

निमित्त झालं एका प्लॉटचं. विश्रामबागेतला हा प्लॉट वडिलांनी घेतला तेव्हा तिथे बाभळी होत्या. मी त्यावर एक वीट रचली नाही, कुंपणसुद्धा धड नव्हतं. भाव चढला तो महापालिकेच्या रस्त्यामुळे आणि विलिंग्डन नि वालचंद कॉलेजांच्या आसपास वाढलेल्या वस्तीमुळे. गेल्या वर्षी विकला. नफ्यावर कर साडेबारा टक्के. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, रात्री अकरापर्यंत लॅपटॉपपुढे असते. तिच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के जातात. चलन भरून आलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपलात म्हणून सूट मिळाली." हसलो, पण ते डोक्यातून गेलं नाही. आमचे सीए तर हा साडेबारासुद्धा वाचवायचे दोन मार्ग घेऊन बसले होते. दोन्ही कायद्यात बसणारे.

आमच्या गोदामातला हमाल मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतो. मीही १८ टक्केच भरतो. तो गरीब आहे म्हणून कर देत नाही, असं आमच्या यार्डात बिनदिक्कत बोललं जातं. म्हणून सांगितलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या पेठेतल्या जुन्या घरात शिरलं. दोन दिवस वरच्या मजल्यावर काढले, मग जवानांची बोट आली. त्या बोटीत मी, माझी पत्नी आणि मागच्या गल्लीतली धुणंभांडी करणारी बाई तिच्या दोन मुलांसह, असे एका फळीवर बसलो. भाडं कुणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला गावातल्याच बोटीतून निघालेली माणसं बुडाली. बोट वेळेवर असणं आणि नसणं यातला फरक मी तेव्हा पाहिला. तो माझ्या पैशाने विकत घेता येत नव्हता. तिजोरीत नोटा होत्या, त्याही भिजल्या.

मित्र म्हणतात, एवढा पुळका असेल तर दान कर. करतो. शाळेच्या खोलीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, गणेश मंडळाच्या फलकावर माझा फोटो असतो. पण दान मी मला हवं तिथे देतो, आणि वर त्यावर करात सवलतही घेतो. जतच्या एखाद्या वाडीत दवाखाना हवा की नको, हे सांगलीतल्या अडत्याच्या लहरीवर का ठरावं? सरकारात पैसे खाल्ले जातात, हाही आक्षेप येतो. खाल्ले जातात. पण म्हणून हमालाचा जीएसटी कुणी थांबवलेला नाही.

आपल्याकडे संपत्ती कर होता. १९५७ साली आला, २०१५च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी रद्द केला. २०१३-१४ साली सगळ्या देशातून मिळून १,००८ कोटी जमले होते, म्हणजे खटाटोप जास्त आणि पदरात कमी. त्याच्याऐवजी एक कोटीवरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार बसवला. ठीक. पण वसुली कमी का होती? शेअर १९९३पासून मोजायचेच नाहीत असं ठरलं होतं. आमच्या वडिलांच्या विवरणपत्रात आईच्या पाटल्या, बिलवर तोळ्या-गुंजेसह आणि खऱ्या संपत्तीचा पत्ता नाही. पूर्वी हरिपुरात हळद पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, वरून चालणाऱ्याला कळतही नाही खाली किती पोती आहेत. संपत्ती कराच्या अधिकाऱ्यांनी अंगण झाडून घेतलं, पेवाचं तोंड उघडलंच नाही.

वारसा कर तर त्याच्याही आधी, १९८५ साली गेला. एके काळी त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. असला दर परत आणा असं मी म्हणत नाही, त्याने माणूस चोर बनतो. पण दहा कोटींच्या वर जे मुलांना मिळेल त्यावर दहा-पंधरा टक्के? आणि जमीन-शेअरच्या मोठ्या नफ्यावर तोच दर, जो माझ्या मुलीच्या पगारावर आहे? जागतिक विषमतेवर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे संपत्तीतला ४० टक्के वाटा होता. २०२४च्या जानेवारीत दावोसमध्ये २५०हून जास्त श्रीमंतांनी 'आमच्यावर कर लावा' असं जगभरच्या नेत्यांना लिहून दिलं. तेव्हा हे खूळ एकट्या सांगलीकराचं नाही.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांनी पाठवलाय, पुढच्या महिन्यात नोंदवायचा आहे. त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, पुतणे आहेत, गावच्या देवळाला पाच लाख आहेत. ज्या रस्त्याने प्लॉटचा भाव वाढवला आणि ज्या बोटीने आम्हाला बाहेर काढलं, त्यांच्या नावाचा रकाना कुठे घालायचा ते वकिलांना माहीत नाही. कायद्यातच नाही म्हणतात. तो रकाना आपण काढून द्यावा. नोंदणी महिनाभर पुढे ढकलायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपला,
सांगलीतला एक अडत्या